बाई पाळक कशा चालतात? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची, हे कळलं की हा प्रश्न येतोच: बाई पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, कशी चालते? हिंदू मैत्रिणी कुतूहलानं विचारतात, कॅथलिक शेजारीण जरा जपून विचारते. आमच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चच्या समुदायातले, काही जण मात्र बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र उघडून विचारतात: स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं असं प्रेषित पौलानं लिहिलंय, त्याचं काय?

त्याच पत्रात तीन अध्याय आधी पौल सांगतो, की स्त्रीनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं. म्हणजे बायका मंडळीत मोठ्यानं बोलत होत्या, आणि त्यानं त्यांना थांबवलेलं नाही. रोमच्या मंडळीला लिहिताना तो फिबीची शिफारस करतो, तिला किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणतो. एका वचनावर दार लावून घ्यायचं असेल, तर ही बाकीची पानं कुठे ठेवायची?

पण मला खरं सांगायचंय ते फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांच्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँग जपान्यांच्या ताब्यात गेलं, आणि पोर्तुगिजांच्या मकाव शहरात निर्वासितांची रीघ लागली. तिथली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली, मंडळी या डिकन बाई सांभाळत होत्या; डिकन म्हणजे पाळकाच्या खालची पायरी. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, द्यायला हाँगकाँगहून पाळक येणं बंद झालं, तेव्हा पाळकाची दीक्षा नसतानाही त्यांनीच ते द्यावं अशी परवानगी मिळाली. पाळकांचे वरिष्ठ, बिशप रोनाल्ड हॉल, यांना हे पटेना. काम पाळकाचं करून घ्यायचं आणि दीक्षा द्यायची नाही, हे कसं? २५ जानेवारी १९४४ रोजी त्यांनी तिला पाळकपदाची दीक्षा दिली. अँग्लिकन जगातली ही पहिली स्त्री. हॉल यांनी दाखला दिला तो बायबलमधल्या पेत्र आणि कर्नेल्याचा; यहूदी नसलेल्या कर्नेल्याला पवित्र आत्मा मिळालेला पाहून प्रेषित पेत्रानं त्याला मंडळीत घेतलं: देवानं दान आधीच दिलंय, आपण फक्त ते ओळखायचं. माझ्या मते या सगळ्या वादात इतकं स्वच्छ कुणी बोललेलं नाही.

युद्ध संपलं, आणि वरून दबाव आला. बिशप अडचणीत येऊ नयेत म्हणून १९४६ मध्ये टिम-ओईंनी पाळक म्हणून काम करण्याचा परवाना परत केला. दीक्षा मात्र त्यांनी कधीच नाकारली नाही. संकटात चाललेली बाई शांतता होताच चालेनाशी झाली, हे वाचलं की मला आजही राग येतो. पुढे चीनमध्ये त्यांनी फार सोसलं. म्हातारपणी कॅनडात त्या पुन्हा वेदीशी उभ्या राहिल्या, आणि १९९२ च्या फेब्रुवारीत वारल्या. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनडनं, म्हणजे निर्णय घेणाऱ्या धर्मसभेनं, स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली. तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागत होती, आणि सामान्य सभासदांच्या सभागृहात ती जेमतेम दोन मतांनी जमली! १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये ३२ जणींना दीक्षा मिळाली. बिशप व्हायला आणखी एकवीस वर्षं गेली.

विरोध करणारे सगळे बायकांचा दुस्वास करणारे होते, असं मी म्हणणार नाही. प्रभूनं बारा प्रेषित पुरुषच निवडले, आणि रोमशी व पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्यांशी ऐक्याची आशा यामुळे मावळेल, ही त्यांची कळकळ होती. शेकडो पाळक इंग्लंडचं चर्च सोडून गेले, नोकरी आणि राहतं घर सोडून. त्यांच्या दुःखाचा मी मान राखते. पण प्रेषित सगळे यहूदीही होते, आणि ती अट आपण कुणीच पाळत नाही.

आपल्या मराठी माणसांना हा वाद परका वाटायला नको. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्येच झाला. नंतर त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुण इंग्रज पुरुषांना त्यांनी शिकवावं असा बेत निघाला, तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवलं, की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं पुरुषांना शिकवायला कधी आडकाठी केली नाही, मग तुम्हाला का अडचण व्हावी? त्याच सुमारास, १८८५ मध्ये, त्यांनी लिहिलं, की देशातल्या पुरोहितांचं जू मी महत्प्रयासानं मानेवरून काढलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं घेणार नाही. आज चर्च ऑफ इंग्लंड ३० एप्रिलला त्यांचं स्मरण करतं.

माझी आत्या बायबल वुमन होती. पांढरं लुगडं नेसून, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका घेऊन ती खेडोपाडी पायी जायची. बाळंतिणीजवळ बसायची, मयताच्या घरी रात्रभर गीतं म्हणायची. रविवारी मात्र मागच्या सतरंजीवर. भाकर मोडायला कुणीतरी साहेब यायचे, त्यातल्या निम्म्या घरांची नावंही त्यांना ठाऊक नसायची.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च धर्मगुरुपदासाठी, सारा मलाली या बाईंचं नाव जाहीर झालं, आणि नायजेरियाच्या चर्चनं लगेच विरोध नोंदवला. म्हणजे हा प्रश्न मिटलेला नाही, आमच्याकडेही नाही. पुढच्या बदल्यांत आमच्या मंडळीला बाई पाळक मिळाल्या तर बिशपसाहेबांकडे अर्ज न्यायचा, अशी कुजबुज आत्ताच सुरू आहे. त्या अर्जावर माझी सही नसेल. बाई आल्या, तर सामान उतरवून घ्यायला मी पाळकांच्या बंगल्याशी हजर असेन, आणि पहिल्याच रविवारी प्याला त्यांच्या हातून घेईन.