थोडे म्हणजे किती

दुपारी सव्वाबाराला गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका काजू युनिटमधून फोन आला. "मॅडम, तुमचा मुलगा टेबलाखाली जाऊन बसलाय. कानांवर हात, उठतच नाही."

हा 'मुलगा' चोवीस वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे आणि आठ महिने तिथं ग्रेडिंग, म्हणजे काजूगर आकारानुसार वेगळे करायचं काम, करतो. त्याच्या नोकरीला लागेल तेवढा आधार उभा करून देणं हे माझं काम. फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या: गर्दी हटवा, जवळचं यंत्र बंद करा, त्याला हात लावू नका आणि बोलूही नका.

तिसरी गोष्ट पाळणं सगळ्यांत कठीण. मी पोचले तेव्हा पाच-सहा जणी आळीपाळीनं वाकून "भिवपाची गरज ना रे" म्हणत होत्या. माया खरीच, पण अशा वेळी धीराचा शब्दही त्याच्या कानांना आणखी एक आवाजच असतो. मेल्टडाउन म्हणजे हट्ट नव्हे. हट्टाला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की तो थांबतो. इथं आवाज, उजेड, सूचना यांचा भार पेलण्यापलीकडे गेलेला असतो आणि तो उतरवणं एवढंच आपल्या हाती असतं. बायकांना जेवायला पाठवलं, पाण्याची बाटली त्याच्या हाताशी ठेवली आणि मी जरा दूर, त्याच्याकडे पाठ करून बसले. चाळीस मिनिटं गेली. मागून त्याच्या डुलण्याची लय ऐकू यायला लागली, तेव्हा कळलं की आता सावरतोय.

लगेच "काय झालं?" विचारायचं नाही. त्याला बोलता येतं, पण ताण आला की शब्द सगळ्यांत आधी जातात आणि सगळ्यांत शेवटी परततात. कागदावर चार शब्द लिहून सरकवले: आवाज, उजेड, माणसं, काम. त्यानं पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यावर खूण केली. खाली लिहिलं, 'थोडे म्हणजे किती'.

आवाजाचं कारण समोरच होतं. साली काढायचं नवं मशीन आलं होतं आणि त्याचा कॉम्प्रेसर ग्रेडिंगच्या टेबलामागेच बसवला होता. एकसारखा घरघरणारा आवाज त्याला सहन होतो. कॉम्प्रेसर मात्र टाकीतली हवा कमी झाली की मनाला येईल तेव्हा धाडकन सुरू होतो. कान सतत त्या धडाक्याची वाट बघत राहतात. उजेडाचं म्हणाल तर टेबल हलवल्यामुळे ते जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली आलं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. बहुतेकांना दिसत नाही, काहींना डोकं दुखेपर्यंत जाणवते. स्वस्तातले एलईडीही तसेच निघतात. मोबाइलचा कॅमेरा धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकले, की तो दिवा नको.

पण खरी ठिणगी कामाची होती. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, २२० ते २४० काजूगर. डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. आठ महिने त्याला सांगितलं होतं, मिसळायचं नाही. त्या दिवशी ऑर्डरची घाई, म्हणून सुपरवायझर बाय म्हणाली, "दोनशेचाळीसमध्ये थोडे बारीक गेले तर चालतील." त्यानं विचारलं, थोडे म्हणजे किती? चार वेळा विचारलं. चौथ्या वेळी टेबलावर हसू पिकलं.

प्रश्न चोख होता आणि त्याला चोख उत्तरही होतं. खालच्या ग्रेडचा माल वजनानं ५ टक्क्यांपर्यंत चालतो. १०० ग्रॅमच्या नमुन्यात ५ ग्रॅम. तीनशेवीसचा एक दाणा साधारण दीड ग्रॅमचा, म्हणजे तीन दाणे चालतील, चौथा नको. हे मोठ्या अक्षरांत लिहून टेबलावर चिकटवलं, शेजारी लहान वजनकाटा ठेवला.

पात्रांव, म्हणजे युनिटचे मालक, म्हणाले, "एवढा हुशार, सगळ्यांपेक्षा फास्ट. मग ह्याला एवढं सगळं कशाला?" हा प्रश्न मला सगळीकडे भेटतो. ज्या नजरेला दोन दाण्यांतला फरक पटकन दिसतो, त्याच नजरेला ट्यूबची लुकलुकही दिसते. एक ठेवून दुसरी काढून घेता येत नाही. त्याला भूक लागलेली कळत नाही, म्हणून घड्याळ अकराला आणि एकला मनगटावर थरथरतं. कदंबाची नेहमीची बस चुकली तर दुसरी एकट्यानं धरता येत नाही, म्हणून वडील स्कूटरवर सोडतात. यातलं काहीही तो लपवत नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानतो, हेही सांगितलं. पण पात्रांवांना पटलं ते तीन दाण्यांचं गणित.

कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे न्यायला आठवडा लागणार होता. तोवर टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी. इअरमफ दिले, पण मे महिन्याच्या घामात ते तासाभरातच नको होतात, म्हणून जोडीला फोमचे बोळे. ते घातले की हाक ऐकू येत नाही. मागून खांद्यावर थाप मारायची नाही, समोर येऊन टेबलावर दोनदा टिचकी वाजवायची असं ठरलं. कानामागे रुतणाऱ्या इलॅस्टिकच्या मास्कऐवजी डोक्यामागे बांधायचा नाडीचा मास्क आणला. डुलणं थांबवायचं नाही, हे मात्र मला दोनदा सांगावं लागलं.

त्याच्याकडे सोनेरी अनंतचिन्हाचा बिल्ला आहे. सोन्याची रासायनिक खूण 'एयू', ऑटिझमच्या स्पेलिंगची पहिली दोन अक्षरं. १८ जूनच्या ऑटिस्टिक प्राइड डेला ही खूण मिरवतात, तो रोज मिरवतो. खाद्यपदार्थाच्या जागी पिन चालत नाही. सुटून मालात पडली तर? नियम बरोबरच आहे आणि कारण कळल्यावर त्यानं बिल्ला मुकाट्यानं खिशात ठेवला. आईनं ते चिन्ह पिवळ्या दोऱ्यानं अॅप्रनच्या पाठीवर भरून दिलं.

पुढच्या सोमवारी गेले तर तीन दाण्यांचा कागद दुसऱ्या दोन टेबलांवरही होता. एकजण म्हणाली, "आम्हांला तरी कुठं कधी कोणी सांगितलं गो मॅडम, थोडे म्हणजे किती?"

टिचकी, नाडी, घड्याळ, हे सगळं आज एकट्या सुपरवायझर बायच्या डोक्यात आहे. चवथीला ती पाच दिवस गावी जाते. त्याआधी दुसऱ्या कोणाला तरी तयार करायचंय.