तुम्ही विचारलंत म्हणून: तिमिंगिल म्हणजे देवमासाच ना?

महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता ज्या समुद्राकडे पाहतात, तो तिमिंगिलांनी आणि मकरांनी भरलेला आहे. ते वर्णन वाचलेले अनेकजण मला विचारतात, की हा तिमिंगिल म्हणजे आपला देवमासाच ना? कन्नड आणि मल्याळम भाषांत आज या शब्दाचा अर्थ खरोखरच तो आहे; जुन्या वाङ्मयाबाबत मात्र माझे उत्तर 'नाही' असे आहे.

तिमि म्हणजे प्रचंड मासा, आणि त्या तिमीला गिळतो तो तिमिंगिल. यातला 'गिल' आपल्या 'गिळणे' या क्रियापदाच्याच कुळातला आहे, त्यामुळे मराठी कानाला तो परका वाटू नये. या नावात रंग नाही, रूप नाही, दातही नाहीत. आहे ती केवळ गिळण्याची क्रिया, आणि ती कितीही वेळा पुढे नेता येते. एका प्रसिद्ध सुभाषितात शंभर योजने लांबीचा तिमि येतो, मग तिमिंगिलाला गिळणारा तिमिंगिलगिल येतो आणि शेवटी त्यालाही गिळणारा 'राघव' नावाचा मासा येतो. बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा पाली ग्रंथ असलेल्या विनयपिटकातही तिमि, तिमिंगल आणि तिमितिमिंगल अशी चढती रांग असून महासागरातील अशा प्राण्यांची शरीरे शंभरपासून पाचशे योजनांपर्यंत सांगितली आहेत. कोणताही खरा प्राणी या मापात बसत नाही, आणि तो बसावा अशी अपेक्षाही तिथे दिसत नाही.

या गिळण्यामागची भीती मला सर्वांत स्पष्ट दिसते ती मध्य प्रदेशातील भारहुतच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या तिथल्या एका पदकात माणसांसकट नाव एका अजस्र माशाच्या जबड्यात ओढली जात आहे, आणि तिमितिमिंगिलाच्या पोटातून वसुगुप्ताला महादेवाने सोडवले, असा लेख त्यासोबत आहे. दूरच्या सफरीवर निघालेल्या व्यापाऱ्याला समुद्रात सारेच गडप होण्याचे जे भय वाटत असेल, त्यालाच या शब्दाने नाव दिले, असे मला मनापासून वाटते.

मकराची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला शिल्पकारांनी सोंड, जबडा आणि माशाची शेपटी दिली आणि लोकभाषेने त्याच्या नावातून 'मगर' घडवली. तिमिंगिलाशी जवळचे साम्य मला हिब्रू बायबलातल्या 'लिव्याथान' या समुद्री राक्षसात आढळते. ते नाव वेटोळे घालण्याच्या अर्थाच्या धातूशी जोडले जाते, सीरियातील उगारिट या प्राचीन नगराच्या मृत्तिकापट्टिकांत त्याचा पूर्वज सात डोक्यांचा सर्प आहे, आणि आधुनिक हिब्रूत त्याच शब्दाचा अर्थ देवमासा असा झाला आहे. समुद्रातला सर्वांत मोठा जीव माहीत झाला, की जुनी नावे त्याच्याकडे सरकतात.

मराठीने देवमाशासाठी वेगळा शब्द केला, आणि त्यामुळे तिमिंगिल आपल्याकडे मोकळा राहिला. म्हणून महाभारताच्या मराठी अनुवादात तिथे 'देवमासा' लिहू नये; मूळ शब्द ठेवून तळटीपेत त्याची फोड द्यावी.