लिंटेलच्या चार थर खाली

मे महिन्याचा तिसरा आठवडा. घरकुलांच्या पाहणीला सकाळी सातलाच निघावं लागतं, कारण दहानंतर मराठवाड्याच्या उन्हात मोबाइल तापतो आणि जिओटॅगिंगचं ॲप मधेच बंद पडतं. पाया, लिंटेल (दारं-खिडक्यांच्या वरची काँक्रीटची पट्टी), छत आणि पूर्ण घर, असा एकेक टप्पा झाला की जागेवर उभं राहून फोटो काढायचा. अक्षांश-रेखांशासह तो इस्रोच्या 'भुवन' या नकाशा-पोर्टलवर चढतो आणि त्यावर पुढचा हप्ता सुटतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. आमच्या नगरपरिषदेत ते ४०, ४० आणि २० टक्क्यांनी देतात: जोत्याला एक लाख, लिंटेलला एक लाख, घर पूर्ण झाल्यावर पन्नास हजार.

त्या दिवशी यादीत अकरा घरं होती. दहा घरांचं सांगण्यासारखं काही नाही. अकरावं घर एका विधवा बाईंचं. प्लॉट १५ बाय ३०, त्यावर १५ बाय २४ चं घर, आतून २९३ चौरस फूट, म्हणजे सत्तावीस चौरस मीटर. योजनेची कमाल मर्यादा तेव्हा ३० चौरस मीटर कार्पेटची, म्हणजे भिंती सोडून आतल्या जागेची होती, त्यामुळे नकाशात अडचण नव्हती. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे १५० चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटला परवानगीचा फार जाचही राहिलेला नाही. नकाशा दाखल केला, शुल्काची पावती घेतली की काम सुरू करता येतं. ही एक सुधारणा मनापासून चांगली झाली.

समोरच्या भिंतीचं बांधकाम लिंटेलपर्यंत आलं होतं. दोन्ही बाजूही झाल्या होत्या. मागची भिंत चार थर खाली होती आणि लिंटेलची पट्टी कुठेच ओतलेली नव्हती.

"साहेब, मागचे चार थरच राहिलेत. तेवढं धरून घ्या की," मावशी म्हणाल्या. मिस्त्री बाजूला उभा राहून जमिनीकडे बघत होता.

समोरून फोटो काढला असता तर मागची भिंत दिसलीच नसती. असे फोटो निघतात, आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. पैसे अडू नयेत म्हणून काढणारे काढतात आणि पुढे अर्धवट घराला कागदावर छत चढतं. पण लिंटेल हा टप्पा नुसत्या उंचीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जे झालं, त्यानंतर या भागात दारं-खिडक्यांपुरतं लिंटेल टाकून चालत नाही. सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारी पट्टी लागते, कोपऱ्यांत सळया वळवून एकमेकींत गुंतवलेली. नऊ इंच रुंद, सहा इंच जाड, १० मिमीच्या चार सळया आणि दर सहा इंचांवर रिंग. या घराच्या भिंतींची एकूण लांबी ८८ फूट. म्हणजे ३३ घनफूट काँक्रीट, त्याला आठ गोण्या सिमेंट आणि नव्वद-पंच्याण्णव किलो स्टील. घर हललं तर भिंती चारी दिशांना फाकू न देणारी एवढी एकच गोष्ट या घरात आहे. ती नसताना 'लिंटेल पूर्ण' असा टॅग मारायचा म्हणजे तिच्याशिवाय छत घालायला परवानगी दिल्यासारखंच.

टॅग मारला नाही. पण प्रश्न तिथे संपत नाही. आठ गोण्या सिमेंट आणि नव्वद किलो स्टीलला पैसे हवेत, ते दुसऱ्या हप्त्यातून येणार आणि दुसरा हप्ता पट्टी ओतल्यावर येणार. मग पहिला लाख गेला कुठे, असं कुणीही विचारेल. पुढे कार्यालयात तेच विचारलं गेलं, तेही संशयाच्या सुरात.

लाख जमिनीखाली गेला. हे इथे सविस्तर सांगणं भाग आहे.

योजनेच्या प्रकल्प अहवालात सगळ्या घरांना एकच नमुना नकाशा आणि एकच अंदाजपत्रक आहे. सल्लागाराने पायाची खोली तीन फूट धरलेली आहे. ८८ फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फूट खोल चर म्हणजे साडेसहा ब्रास खोदाई (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). या प्लॉटवर तीन फुटांवर काळी मातीच होती. चार फुटांवर काळी, पाचवर काळी. मुरूम लागला साडेसहा फुटांवर. खोदाई सव्वाचौदा ब्रासवर गेली. पायातलं दगडी बांधकाम पावणेचार ब्रासचं धरलं होतं, ते सव्वानऊ ब्रास झालं. वर दोन फूट जोतं भरायला सहा ब्रास मुरूम विकत आणावा लागला, कारण उकरलेली काळी माती जोत्यात भरता येत नाही. ती पावसाळ्यात फुगते, फरशी उचलते आणि उन्हाळ्यात आकसून खाली पोकळी सोडते.

मुरमापर्यंत न जाता तीन फुटांवरच पाया घेतला असता तर काय झालं असतं, हे शेजारच्या गल्लीतल्या दोन घरांवर दिसतं. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघाल्या आहेत. एका घराचं दार पावसाळ्यात बसत नाही आणि उन्हाळ्यात नीट लागतं. ती घरं 'पूर्ण' म्हणून नोंदली आहेत आणि त्यांचे सगळे हप्ते मिळाले आहेत. मावशींच्या मिस्त्रीने मात्र मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं. त्या माणसाकडे कसलंही प्रमाणपत्र नाही, पण त्या वस्तीत सर्वांत योग्य तांत्रिक निर्णय त्यानेच घेतला.

त्यांचं घर मागे पडण्याचं कारण इतकंच की त्यांचा पाया बरोबर आहे.

दुपारी आढावा बैठक झाली. योजनेची मुदत संपत आलेली, वरून रोज आकडे मागवले जात होते. रखडलेल्या घरकुलांची यादी समोर होती आणि ती रद्द करून नावं वगळावीत, असा प्रस्ताव होता. वगळण्याचं कारण लिहायला एकच रकाना: 'लाभार्थी उदासीन'. मावशींचं नाव त्यात होतं.

बैठकीत जो वाद झाला तो गावोगावी होतो. एका अधिकाऱ्याचं म्हणणं, सरकारने पैसे द्यायचे आणि घर ज्याचं त्याने बांधायचं, योजनाच तशी आहे; कोणाचा पाया किती खोल गेला हे सरकार कुठवर बघणार? एक माजी नगरसेवक म्हणाले, लोकांना बांधता येत नाही हे दिसतंय, तर नगरपरिषदेनेच गावाबाहेर चार मजली इमारती बांधाव्यात आणि किल्ल्या वाटाव्यात. तिसरं मत असं की जमीन आणि सवलती खासगी विकासकाला द्या, तो बांधेल.

तिन्ही मतांत थोडं थोडं तथ्य आहे. विकासक बांधेल, पण ज्याला कर्ज मिळतं त्याच्यासाठी. दुर्बल गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान देणारा भाग याच योजनेत होता, तो मार्च २०२२ ला संपला. तो चालू असतानाही ज्यांच्याकडे पगाराची पावती नाही त्यांना आधी बँकेच्या दारातूनच परत फिरावं लागायचं. इमारतींचं म्हणाल तर दाट शहरात दुसरा मार्ग नाही, हे मान्य. पण तालुक्याच्या गावात गावाबाहेर जमीन स्वस्त म्हणून तिथे नेलेलं कुटुंब आपलं काम मागे सोडून जातं. मावशी शिलाई करतात. त्यांची गिऱ्हाइकं गल्लीतलीच आहेत, ती ब्लाउजचं माप द्यायला तीन किलोमीटर जाणार नाहीत. शिवाय इमारतीचा पाण्याचा पंप, टाकी, जिन्यातला दिवा यांचा खर्च दर महिन्याला कोणी काढायचा, हे किल्ल्या वाटताना कोणी ठरवत नाही.

पहिल्या मताशी, म्हणजे 'पैसे दिले, काम संपलं' याच्याशी, मात्र अजिबात पटत नाही. केंद्राचे दीड लाख २०१५ ला ठरले. २०२४ ला योजनेची दुसरी आवृत्ती आली तेव्हाही आपल्यासारख्या राज्यांत स्वतःच्या जागेवरच्या घराला दीड लाखच. दहा वर्षांत सिमेंट, सळई, मजुरी कुठे गेली हे बांधकाम करणाऱ्या कोणालाही विचारा. ज्या सिमेंटने मावशींचा पाया झाला त्यावर २८ टक्के जीएसटी होता. तो १८ वर आला २२ सप्टेंबर २०२५ ला. सरकार एका हाताने देत होतं आणि प्रत्येक गोणीमागे दुसऱ्या हाताने परत घेत होतं. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते आणि ही मदत खरोखर मोठी आहे, कारण एवढ्या घराला सगळी मिळून सहा-साडेसहा ब्रास वाळू लागते. पण डेपोपासून घरापर्यंतचा टेंपो ज्याचा त्याने करायचा.

आणि पैसा हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. मावशींचा अर्ज मंजूर व्हायलाच दोन वर्षं गेली, कारण प्लॉट सासऱ्यांच्या नावावर होता. सासरे गेले, नवरा गेला, नोंद तशीच. वारस नोंद, दोन दिरांची संमती, मग हक्कसोडपत्र. एक दीर पुण्याला, त्याला दोनदा बोलवावं लागलं. आमच्याकडे सर्वांत जास्त अर्ज या एका कारणाने पडून राहतात: राहायला जागा आहे, तिथे दोन पिढ्या गेल्या आहेत, कागद नाही. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ पासून आहे आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या घरांसाठी वाढवली. शासकीय जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करायचा निर्णयही आहे. तरतूद आहे, पण मोजणी करायला माणूस नाही. भूमापकाची तारीख मिळेपर्यंत दुसरा पावसाळा येतो.

म्हणून बैठकीत एवढंच मांडलं, आणि आजही तेच म्हणणं आहे: जे एकट्या घराला जमणार नाही ते सरकारने करावं. एकटी बाई मोजणी करून घेऊ शकत नाही. नगरपरिषद अख्ख्या गल्लीची एकाच दिवशी करून घेऊ शकते. एकट्या बाईला चाचणी खड्डा घेऊन अंदाजपत्रक बदलून घेता येत नाही. नगरपरिषदेला प्रत्येक वस्तीत दोन-तीन खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे याचा नकाशा करता येतो. जेसीबीचं एका दिवसाचं काम आहे ते.

याहून महत्त्वाची गोष्ट पायाच्या पद्धतीची. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइलची पद्धत कधीच विकसित करून दिली आहे. तिपाईवरचा हाताने फिरवायचा ऑगर, म्हणजे जमिनीत भोक पाडायचं अवजार, त्याने दहा-बारा इंच व्यासाचं साडेतीन मीटर खोल भोक, तळाशी दुसरं अवजार उघडून तेच भोक अडीच पट रुंद करायचं. त्यात सळयांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरलं की पाइल फुगणाऱ्या थराच्या खाली घट्ट बसते. वर तुळई, तुळईवर भिंत. तुळई आणि माती यांच्यात मात्र मोकळी जागा ठेवायची, नाहीतर माती फुगून तुळईच उचलते. नवखा मिस्त्री हीच चूक करतो. भिंतीखाली दोन-सव्वादोन मीटरवर एक धरली तर अशा घराला बारा-तेरा पाइल पुरतात. सव्वाचौदा ब्रास खोदाई नाही, सव्वानऊ ब्रास दगड नाही. चार माणसं हे काम करतात. पण आमच्या गावात ते अवजार कोणाकडेच नाही, आणि एका घरासाठी ते कोणी आणणारही नाही. साठ घरांसाठी नगरपरिषद आणू शकते, दोन मिस्त्र्यांना शिकवू शकते. किल्लारीनंतर हजारो घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनीच केलं, तेव्हा सरकारची मदत होती आणि जागेवर अभियंताही होता. म्हणजे याच भागात हे एकदा करून दाखवलेलं आहे.

सगळं ऐकून घेतलं गेलं. 'योजनेत तशी तरतूद नाही' असं उत्तर आलं. प्रकल्प अहवाल मंजूर आहे, नमुना नकाशा मंजूर आहे, पाइलसाठी खर्चाचं शीर्षक नाही. यादीतलं मावशींचं नाव मात्र वगळलं नाही. पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

नवव्या दिवशी पट्टी ओतून झाली. स्टील उधारीवर, सिमेंट बचत गटाच्या कर्जातून, आणि मिस्त्रीने मजुरी स्लॅबनंतर घ्यायचं कबूल केलं. दहाव्या दिवशी सकाळी जाऊन चारही बाजूंनी फोटो घेतले, कोपऱ्यांतली सळई ओतण्यापूर्वी मिस्त्रीने मोबाइलवर दाखवली होती ती वेगळी. टॅग गेला. हप्ता जमा झाला तेव्हा जूनचा दुसरा आठवडा उजाडला होता. स्लॅबला तीस गोण्या सिमेंट आणि तीनशे किलो सळई लागते. उधारी फेडून उरलेल्या पैशात तेवढं बसलं, सेंटरिंगचं भाडं बसलं नाही. पावसाळाभर घरावर ताडपत्री होती.

पहिल्या सकाळी समोरून फोटो काढून दिला असता तर पैसे आठ-दहा दिवस आधी आले असते आणि कदाचित पावसाआधी स्लॅब पडला असता. मिस्त्री भला माणूस, पट्टी त्याने नंतर ओतलीच असती. की घाईत फक्त दारा-खिडक्यांवर ओतली असती? याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

मावशींच्या पलीकडे दोन प्लॉट सोडून नवीन मंजुरी आली आहे. परवा तिथे चर खणायला घेतला. अंदाजपत्रकात पाया तीन फूट, रक्कम अडीच लाख. साडेपाच फुटांवर गेल्यावरही फावड्याला काळी मातीच चिकटून येते आहे.