टोमॅटोचा प्लॉट, दिवस 34 : काकडीचे वेल उपटले आणि सापळे भरले

शनिवारी सकाळी नारायणगावला उतरलो आणि चहा व्हायच्या आतच बारा पिवळे सापळे (चिकट कार्डं) गोळा करून आणले. शेत तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं. माझं काम फक्त भिंग घेऊन अडकलेले किडे मोजायचं, मुख्यतः पांढरी माशी. टोमॅटोची पानं मुरडणाऱ्या बोकड्या रोगाचा विषाणू तीच पसरवते. "मोजून माशी कमी होते का रे?" हे त्यांनी याही वेळी विचारलं.

आधी मागच्या नोंदीतली चूक. कार्डावरच्या गोंदात पांढऱ्या माशीची पांढरी पूड निघून जाते, पंख पारदर्शक होतात. अशा माश्यांना मी चिलटं समजून सोडून दिलं होतं. जुनी कार्डं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती म्हणून परत मोजता आली: 18 नाही, 27. दुसरी चूक उंचीची. रोपं वीतभर आणि सापळे कंबरेएवढे! पहिले दोन आठवडे त्यातच गेले. आता सापळा शेंड्याच्या जरा वर ठेवतो आणि दर शनिवारी वर सरकवतो.

या आठवड्याची खरी गंमत पूर्वेकडच्या बांधावर आहे. पलीकडच्या काकडीचा तोडा संपला, वेल उपटून बांधावर टाकले. वेल सुकले तशी माशी उठली आणि समोरच्या कोवळ्या हिरव्यावर आली. पूर्वेच्या चार सापळ्यांवर 61, उरलेल्या आठांवर मिळून 22. सगळ्यांची सरासरी काढली असती तर यातलं काहीच दिसलं नसतं. म्हणून सापळ्याच्या मागे पेनाने दिशा लिहा, एवढंच सांगणं.

माव्यासाठी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पिवळं ताट ठेवलंय, पाण्यात साबणाचे दोन थेंब. पंखवाले 9 मिळाले. टोमॅटोची पानं उलटून पाहिली तर मावा एकही नाही! यात विरोधाभास नाही. वाटसरू मावा पानात सोंड खुपसून चव बघतो, आवडलं नाही की उडतो. काकडीवरचा मोझॅक विषाणू द्यायला-घ्यायला त्याला तेवढं पुरतं, मिनिटभरही लागत नाही. 2020 साली या पट्ट्यात फळं तिरंगी पिकली, तेव्हा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत हाच विषाणू सापडला होता. फवारणीने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. मक्यावर सोंड खुपसली की ती बरीचशी साफ होते, म्हणून कडेने मका लावतात. आमच्या मक्याच्या दोन ओळी पश्चिमेला आहेत. पूर्वेला पाइप आडवा येत होता.

फुलकिडे (थ्रिप्स) निळ्या सापळ्यावर 14, पण तो आकडा मी फारसा मनावर घेत नाही. टोमॅटोवरचा त्यांचा विषाणू पिल्लूपणी पोटात गेला तरच प्रौढ कीड तो पसरवते. मोठेपणी खाल्लेला कामाचा नाही. म्हणून फुलं पांढऱ्या कागदावर झटकतो आणि बिनपंखी पिवळट पिल्लं शोधतो. वीस फुलांत दोन. म्हणजे वीण आपल्याच प्लॉटमध्ये सुरू झाली आहे.

चिकट कार्डावर चार ढालकिडेही (मावा खाणारे मित्रकिडे) मेले. वाईट वाटलं. त्यांना वाचवायचा काही उपाय कोणाला सापडला असेल तर सांगा.

बोकड्या झालेली झाडं सात, त्यातली सहा पूर्वेच्या पहिल्या तीन ओळींत. मी लगेच काकडीवर खापर फोडलं, मग संध्याकाळी हिशेब बसेना. लागण झाल्यावर पानं मुरडायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, आणि वेल उपटून आठवडाच झालाय. ही सात झाडं आधीच्या माशीची, म्हणजे सापळे कंबरेएवढे होते त्या दिवसांतली. या 61 मधल्या किती विषाणू घेऊन आल्या ते पन्नासाव्या दिवसाच्या आसपास दिसेल.

तात्यांनी सातही झाडं उपटून पिशवीत भरली. त्या जागच्या काठ्यांना मी लाल चिंध्या बांधल्यात, पुढची मुरडलेली झाडं त्यांच्यापासून किती ओळी दूर निघतात ते मोजायला.