हातमोज्याचं फाडलेलं बोट

परवा वॉर्डात दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी रुग्णाला इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी, लावत होती. मी चेकलिस्ट घेऊन शेजारी. रुग्ण तरुण, शिरा लांबूनही दिसाव्यात अशा. तिने टर्निकेट बांधलं, हातमोजे घातले, स्पिरिट लावलं, ते वाळेपर्यंत थांबली. आणि मग डाव्या तर्जनीचं टोक चिमटीत धरून टर्रकन फाडलं. त्या बोटाने शीर चाचपलीसुद्धा नाही. सरळ सुई घातली, पहिल्याच फटक्यात रक्त आलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "बोट का फाडलंस?"

"सिस्टर तसंच करतात ना, मॅडम."

आमच्या त्या सिस्टरांच्या बोटांबद्दल मला मनापासून आदर आहे. केमोथेरपीने शिरा पार गेलेल्या रुग्णांत, पाणी कमी झालेल्या बाळांत, जिथे डॉक्टर हात टेकतात तिथे त्यांना शीर सापडते. दाबली की लवचीकपणे वर येते ती शीर, कडक लागते ती स्नायूची दोरी. हा फरक उघड्या बोटालाच नीट कळतो, म्हणून त्या टोक फाडतात. चूकच आहे ते. रक्ताच्या सर्वांत जवळचं बोट उघडं पडतं, आणि साफ केलेल्या जागेला पुन्हा हात लागतो. पण त्यांच्या फाडण्याला निदान कारण आहे. मुलीने कारण सोडून फक्त कृती उचलली.

२००५ साली हॉर्नर आणि व्हाइटन या संशोधकांनी चिंपांझींना आणि लहान मुलांना एक पेटी उघडून दाखवली, त्यात मुद्दाम निरुपयोगी क्रिया घातल्या. पेटी पारदर्शक असली की चिंपांझी त्या बहुतेक गाळत; मुलं मात्र सगळ्या करत. मी हे वर्गात शिकवते. तरी डोळ्यांसमोर घडलं तेव्हा चर्रर झालं.

मी तिला 'निर्जंतुक पद्धत' या रकान्यात शून्य दिलं. बाकीच्या सात जणींनी ते पाहिलं. तेव्हापासून मानसशास्त्रज्ञ बांडुरांचा १९६५ चा प्रयोग डोक्यातून जात नाही. बाहुलीला मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण जे पाहिलं ते करून दाखवलं तर बक्षीस, असं सांगितल्यावर त्यांनाही इतरांइतकंच येत होतं. म्हणजे माझ्यासमोर आता कोणी बोट फाडणार नाही. रात्रपाळीत मी नसते.

संध्याकाळी सिस्टरांशी बोलले. "मी कुणाला असं करा म्हटलंय का?" त्या दुखावून म्हणाल्या. नव्हतंच म्हटलं. शिकवणं म्हणजे तोंडाने सांगणं, असं आमची सगळी व्यवस्था धरून चालते. बघणाऱ्या आठ जोड्या डोळ्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. मी त्यांना विनंती केली: मुली असतील तेव्हा आधी धुतलेल्या हाताने शीर शोधा, मग हातमोजे, मग स्पिरिट, आणि प्रत्येक वेळी का ते मोठ्याने बोला. "बघते," म्हणाल्या.

चेकलिस्टवरचं शून्य पेनाने लिहिलेलं आहे. त्याखाली मुलीची सही मी अजून घेतलेली नाही.