मेटाच्या पिशवीत ट्रायको: अखेर अळीनेच मार्ग दाखवला

अळी मेली! आणि नुसती मेली नाही, ताठ होऊन खडखडीत झाली. आधी अंगाच्या वळ्यांमधून पांढरा कापूस फुटला, आता त्यावर शेवाळी हिरवा थर चढतोय. टाचणीने टोकरलं की त्याच्या खपल्या निघतात. मेटाच आहे हा, म्हणजे मेटारायझियम, किड्यांना मारणारी बुरशी; माडाला छळणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्यांसाठी मी ती पिशव्यांत वाढवतोय. ट्रायकोचा (ट्रायकोडर्मा, दुसऱ्या बुरशांना खाणारी बुरशी) बाप आला तरी जिवंत अळीची अशी गत करू शकत नाही.

मागचं रडगाणं वाचलेल्यांना ठाऊक आहे, पाऊस लागल्यापासून मेटाची एक पिशवी धड निघत नव्हती. उकड्या तांदळावर पेरलं की ३-४ दिवसांत गडद हिरवं. मेटाला एवढी घाई नसते. तो आधी पांढरा पसरतो, हिरवा रंग धरायला आठवडा-दहा दिवस घेतो. शिवाय वास. पिशवीचं तोंड सैल केलं की ओल्या खोबऱ्याचा घमघमाट! ट्रायकोडर्माच्या काही जाती ६-पेंटाइल पायरोन सोडतात, त्याचा हा वास. घाटावर कुणाच्याही लगेच लक्षात आला असता. आमच्या मांगरात (सामानाच्या खोपीत) बारा महिने नारळाची सोडणं आणि खोबरं पडलेलं, नाकाला संशय येणार कुठून?

सगळ्यांनी खापर पावसावर फोडलं. त्याखालोखाल पिशव्या निर्जंतुक करणाऱ्या कुकरवर. म्हणून तीन तऱ्हेच्या पिशव्या लावल्या. एक कुकरमधून काढली ती उघडलीच नाही. दुसरी पेरणीच्या बंद पेटीत नेऊन उघडली, आत रिकामा चमचा फिरवला आणि पुन्हा कापसाचा बोळा लावला. तिसरीत विकतच्या पाकिटातला मेटा. पहिल्या दोन्ही स्वच्छ राहिल्या, तिसरी हिरवीगार. म्हणजे १५ पौंडांवरचा कुकर निर्दोष, स्पिरिटचा दिवा निर्दोष, बिचारा पाऊसही निर्दोष. घाण पाकिटातच होती. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "हिरवं आलं ना? मग झालं की!" लेबलवर १×१०⁸ (दहा कोटी) बीजाणू छापलेले असतात, पण त्यातले मेटाचे किती आणि पाहुण्यांचे किती, हे कोण मोजतंय?

बटाटा-आगरच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) ताटलीवर दोघांना वेगळं करायला गेलो, तिथेही ट्रायकोने सगळी ताटली बळकावली. शेजारच्या बुरशीवर चढून तिला खाणं हा तर त्याचा धंदाच. मिरीच्या मुळाशी आपण त्याला ह्याच गुणासाठी आणतो, इथे तोच मुळावर आला.

मग सुचलं, अळीचीच गाळणी करायची. गायरी (शेणखताचा खड्डा) उकरून गेंड्या भुंग्याच्या अळ्या काढल्या. पाकिटातली पावडर पाण्यात कालवून साबणाचा थेंब टाकला, त्यात अळ्या बुडवल्या आणि ओलसर शेणखताच्या डब्यांत एकेकटी ठेवली (एकत्र ठेवल्या तर एकमेकींना चावतात). मेटाचा बीजाणू कातडीला चिकटतो, तिथेच रुजतो आणि कातडी भेदून आत शिरतो. पोटात जायची गरज नाही. ट्रायकोला हे जमत नाही, तो बाहेरच राहतो. काही अळ्या काळ्या पडून लिबलिबीत झाल्या, त्या जीवाणूंनी मेलेल्या, फेकून दिल्या. कडक झालेली मात्र मेल्या मेल्या पातळ ब्लीचमध्ये धुतली, उकळून गार केलेल्या पाण्याने खंगाळली आणि ओल्या कापसावर ठेवली. बाहेरचा ट्रायको धुऊन गेला, आतला मेटा फुटून वर आला. वरकड फायदा म्हणजे ताटलीवर पुन:पुन्हा वाढवून मवाळ पडलेली बुरशी किड्यातून काढली की परत जोर धरते.

त्या खपल्यांवरून पेरलेली पिशवी सध्या पांढरीशुभ्र आहे आणि तिला फक्त भाताचा वास येतोय. तांदळाबद्दल माझं मत पक्कं झालंय: कणी स्वस्त खरी, पण तिचा गोळा होतो आणि मधला भाग कोराच राहतो. उकड्याचा दाणा सुटा राहतो.

तिकडे ट्रायकोचं सगळं सामान मांगरातून पडवीत हलवलं. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं पाणी) मारून झालंय, मिरीला ट्रायको जरा थांबून. मोरचूद आणि बुरशी एका आठवड्यात नको.

बेत असा होता की पिशव्या पिकल्या की सगळा माल गायरीत ओतायचा. पण लिहिता लिहिता डोक्यात वेगळंच आलं. पाकिटातली जात अॅनिसोप्लिए. गेंड्या भुंग्याचा खरा वस्ताद मेटारायझियम माजस, लांब बीजाणूंचा. मग ह्या पाकिटाचे लाड कशाला? इथे गायऱ्या आणि कुजलेली माडाची खोडं काय कमी आहेत? आपसूक मेलेली हिरवी अळी कुठेतरी सापडायलाच हवी. तेव्हा आता अर्ध्याच गायरीत पाकिटाचा मेटा टाकतो, उरलेली अर्धी गावठी जातीसाठी राखून. शेजाऱ्यांचा गेल्या वादळात पडलेला माड अजून तसाच आहे, तो फोडायला त्यांनी होकार दिलाय. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातही एक चक्कर मारतो.

दापोली ते सावंतवाडी, कुणालाही कडक झालेली हिरवी अळी दिसली तर कागदाच्या पुडीत बांधून सावलीत ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, घाम धरून सडते. मी येऊन घेऊन जाईन.