गुडघाभर पाण्यातली आगबोट

रत्नागिरीत घरी पाहुणे आले की थिबा पॅलेस दाखवावाच लागतो. रंगीत काचांच्या खिडक्या बघून झाल्या की "ब्रह्मदेशचा राजा इथे कसा काय?" हा प्रश्न ठरलेला. इंग्रजांनी आणून ठेवला, एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. मला मात्र पुढे बोटीचं सांगायची खोड आहे, आणि तेवढ्यात पाहुण्यांना चहाची आठवण होते.

आपल्याकडे आगबोट म्हटलं की समुद्र, मुंबई आणि बोट लागणं. थिबाचं राज्य सुटलं ते मात्र नदीतल्या आगबोटीवर. ब्रह्मदेशातल्या इरावती नदीवर इरावती फ्लोटिला कंपनीच्या बोटी चालत. कुशीला किंवा मागे भलंमोठं चाक, त्याला फळ्या बसवलेल्या. आपला रहाट पाणी वर काढतो. हे चाक पाणी मागे लोटतं आणि बोट पुढे सरकते. दिसायला सगळा अवजड प्रकार. समुद्रात तर ते हरलंच. लाटेवर बोट कलली की एक चाक खोल बुडतं, दुसरं हवेत फिरतं. 1845 साली इंग्रजांच्या आरमाराने पाण्याखालच्या पंख्याने चालणारी 'रॅटलर' आणि चाकाची 'अलेक्टो' पाठीला पाठ लावून दोराने बांधली, तर 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला उलट्या दिशेने फरफटत नेलं.

पण नदीचं गणित वेगळं. पंख्याला खोली लागते, चाकाच्या फळ्यांना वरवरचं पाणी पुरतं. पावसाळा सरला की इरावतीत वाळूचे दांडे वर येतात, वाट दर हंगामाला बदलते. पट्टे रंगवलेली बांबूची काठी पाण्यात खुपसत खलाशी खोली ओरडून सांगायचा आणि त्या अंदाजाने बोट हाकायची. अनेक बोटी स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या डेनी कारखान्यात तयार व्हायच्या आणि सुटे भाग करून रंगूनला यायच्या. तिथे पुन्हा जोडायच्या. पुढे त्या 326 फूट लांबीपर्यंत गेल्या. मला सगळ्यांत आवडतात त्या बाजाराच्या बोटी. डेकवरची जागा व्यापारी भाड्याने घ्यायचे, कापडचोपड, भांडीकुंडी मांडून बसायचे. बोट धक्क्याला लागली की गावच बोटीवर चढायचं. गावाने बाजाराला जायचं नाही, बाजारच गावाला येणार!

या बोटींना राजधानी मंडालेपर्यंत वाट मोकळी झाली ती थिबाचे वडील राजे मिंडोन यांच्याशी 1867 मध्ये झालेल्या तहाने. पुढच्याच वर्षी फेऱ्या सुरू झाल्या. कप्तानांना वाळूचा एकेक दांडा पाठ झाला. मग 1885 मध्ये सागवानावरून कुरबूर झाली. थिबाच्या दरबाराने सागवान तोडणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीला जबर दंड ठोकला आणि इंग्रजांना निमित्त मिळालं. नोव्हेंबरात इरावती फ्लोटिलाच्याच बोटींत सैन्य भरून इंग्रजांचा जनरल प्रेंडरगास्ट नदीने वर निघाला. पंधरवड्यात मंडाले पडलं. वाटाडे शोधायची गरजच नव्हती, ते सतरा-अठरा वर्षांत तयार झाले होते. 29 नोव्हेंबरला राजाराणीला बैलगाडीत घालून धक्क्यावर आणलं आणि 'थूरिया' नावाच्या बोटीवर चढवलं. रंगून, मद्रास असं करत पुढच्या वर्षी ते रत्नागिरीला पोचले. आपण दाखवतो तो राजवाडा तर फार उशिरा, 1910 च्या सुमाराला झाला. सहा वर्षांत राजा वारला.

1942 मध्ये जपानी सैन्य वर सरकू लागलं, तेव्हा फ्लोटिला कंपनीने स्वतःच्याच शेकडो बोटी बुडवल्या. कित्येकींच्या तळाला गोळ्यांनी भोकं पाडली. या बोटी हाती लागल्यावर परक्या फौजेला नदी किती सोपी होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

चाकाच्या बोटी त्यानंतरही टिकल्या, पण शेजारी, बांगलादेशात. ढाक्याहून बारिसालकडे जाणाऱ्या 1929 च्या 'ऑस्ट्रिच'ला लोक 'रॉकेट' म्हणायचे. पुढे बॉयलर काढून तिला डिझेल इंजिन बसवलं. चाकं मात्र होती तीच ठेवली.